हिरव्या ट्यूबचं वाण

फ्रेंचमधून अरबीत भाषांतर करणारी माणसं शोधण्याचं काम मी दहिवलीत, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून करते, असं सांगितलं की नातेवाईक आधी हसतात आणि मग पगार विचारतात. मला राग येतो. त्या दोन्ही भाषांतलं मला ओ की ठो कळत नाही, पण माणसं पारखता येतात आणि तेवढ्यावर माझं चालतं.

यंदा एका परदेशी कंपनीच्या चेहरा उजळवणाऱ्या क्रीमचा मजकूर आला. सोबत फोटो होता. हिरवी ट्यूब, सोनेरी टोपण. ही कुठेतरी पाहिली आहे असं वाटलं. कुठे ते काही आठवेना.

माणूसही मिळेना. दोन्ही भाषा जाणणारे पुष्कळ होते, पण सगळे कोर्टकचेरीच्या कागदांवर पोसलेले. एकाचा नमुना वाचून आमच्याकडच्या अरबी तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "हे वाचून कुणी क्रीम लावणार नाही, आधी वकील गाठेल." शेवटी ट्युनिसची एक बाई सापडली. ती वर्षानुवर्षं सौंदर्यप्रसाधनांचंच लिहीत होती. माझा जीव भांड्यात पडला.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आम्ही दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचो.

"जाहिरातीत लिहिलंय, प्रत्येक स्त्रीसाठी," ती म्हणाली. "आणि खोक्यातल्या कागदावर लिहिलंय, गरोदर बाईने अजिबात लावू नये, बाळाला धोका आहे. ते वाक्य मी सगळ्यात वर घालू का?"

"घाला," मी म्हटलं, आणि तेव्हाच ती ट्यूब आठवली. कडावला, माझ्या माहेरी, आरशाखालच्या फळीवर ती होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण होतं ते. माहेरची शेजारीण साजगावच्या ज्या कारखान्यात हे क्रीम खोक्यांत भरतात, तिथे पॅकिंगला जाते. चेपलेली खोकी तिथे बाद होतात आणि आतल्या ट्यूबा बायका घरी नेतात. तिने यंदा प्लास्टिकच्या डब्यांऐवजी त्याच लुटल्या. खोकी आणि त्यांतले कागद कारखान्याच्या कचऱ्यातच राहिले. परदेशी वाण म्हणून आळीभर तिचं कौतुक झालं होतं.

माझ्या भावजयीला सातवा महिना लागला आहे. किती डॉक्टर झाले, किती नवस झाले, तेव्हा कुठे हे दिवस आले. मध्यंतरी गालांवर वांग आला म्हणून ती तोंडाला पदर लावून बसायची.

मी तिला फोन लावला.

"ताई, बोला ना."

"ती वाणातली हिरवी ट्यूब. तू लावतेस का गं?"

"लावते तर! वांग पार गेला बघा. तुमचे भाऊ पन बोलले, चेहरा उजळला."

"अगं, बंद कर. आत्ताच्या आत्ता. बाळाला धोका आहे त्यात."

ती हसली. "काय ताई, घाबरवता. वाण हाय ते, सवाष्णीला दिल्यालं. त्यानं कसं वाईट व्हईल?" मग आई ऐकेल म्हणून की काय, तिने आवाज खाली आणला. "खरं सांगू? मी तर पोटावर पन चोळते, रोज. पोर गोरं निघंल."