कुरडयांची बाज आणि एसीचा वास

एसीचं दुकान घातलं तेव्हा वाटलं होतं, आपण गारवा विकणार. जिंतुरात इतकी वर्षं गल्ल्यावर बसून कळलं, गारव्यासाठी गिऱ्हाईक एकदाच येतं, वासासाठी दर साली. आणि वासाबरोबर घरातलं बाकीचंही सांगून जातं. असे किस्से साचत जातात.

आमच्या गल्लीत एक रिटायर गुरुजी. एसीतून कुबट वास यायला लागला, तर त्यांनी जाळीत अत्तराचा फाया खोचला. मी विचारलं, गेला का वास? "गेला न्हाई शेठ, पण आता इज्जतीत येतो!"

* * *

बोरीच्या एका पाटलांना फोनवर सांगितलं, जाळी काढून धुवा. त्यांनी धुतली, ओलीच बसवली आणि खोली बंद करून लग्नाला गेले. आठ दिवसांनी वास दुप्पट! वाळवायची, हे मी सांगितलंच नव्हतं. चूक माझी.

* * *

आमचा मेकॅनिक रफिकभाई खोलीत शिरला की डोळे मिटून उभा राहतो. एका बाईंनी विचारलं, मंत्र म्हणायलात का काय? "न्हाई ताई. वासाला पत्ता विचारायलोय."

* * *

एक किस्सा मात्र मी सहसा सांगत नाही.

जिंतूरजवळच्या एका घरात नव्या नातवासाठी एसी घेतला. महिनाभरात खोलीला बुरशीचा वास. सासूनं सुनेवर ठपका ठेवला, लेकराची ओली लंगोटं तू आतच वाळवतीस. सून म्हणाली, एकबी न्हाई. शब्दाला शब्द लागला. ती लेकराला घेऊन राणीसावरगावला माहेरी निघाली. जाताना नवऱ्याला एवढंच बोलली, "वास कशाचा हाय ते सापडलं की बोलवा. तवर मी यायची न्हाई."

नवरा दुकानात आला तेव्हा महिना उलटून गेला होता. चेहरा बघून मी स्वतःच रफिकभाईबरोबर गेलो.

झाकण उघडलं. आतला पंखा काळा पडलेला, खालच्या ट्रेमध्ये पाणी तुंबलेलं, मागची भिंत ओली. ते पाणी बाहेर काढणारी नळी अंगणात उतरली होती. उन्हाळ्यात नेमकी तिथंच सासूबाईंची कुरडया वाळवायची बाज असायची.

रफिकभाईनं नळीत बोट घातलं आणि गच्च कोंबलेली एक चिंधी ओढली. भसकन काळं पाणी आलं. चिंधीला जांभळा काठ होता. तसाच काठ सासूबाईंच्या अंगावरच्या लुगड्याला होता, पदराच्या टोकाशी फाटलेला.

लेक जमिनीकडं बघत राहिला.

सासूबाईंनी चिंधी रफिकभाईच्या हातातून घेतली, पिळली, कमरेला खोचली. आत गेल्या आणि कुरडयांचा डबा घेऊन बाहेर आल्या.

"गाडी काढ," लेकाला म्हणाल्या. "मी बी येते."