लातूरहून येताना

आमच्या ह्यांच्यावर एक सिनेमा निघालाय, हे नांदेडात फार थोड्या लोकांना माहीत आहे. ज्यांना माहीत आहे त्यांना वाटतं की त्यात मरते ती ह्यांची पहिली बायको, आणि मी दुसरी. पहिली-दुसरी असं काही नाही. बायको एकच, ती मी, आणि जुन्या नांदेडात घराला लागूनच माझी पिठाची गिरणी आहे, शेजारी मिरची कांडपाचा डंका.

हे लेखक. म्हणजे एक कादंबरी लिहिलेले. कादंबरी चांगली आहे, हे मी रागात असतानाही कबूल करते. तिच्यानंतर ह्यांनी काही लिहिलं नाही, पण लेखकाचं वागणं मात्र सोडलं नाही. खिशात पैसा ठेवायचा नाही. टेबलाशी बसताना पाय पाण्याच्या बादलीत हवेत. मनासारखं झालं नाही की ताट भिंतीवर. मग कुणाशी भांडण नसताना आठवडेच्या आठवडे अबोला. मधूनच नाहीसे व्हायचे आणि कंधारच्या किल्ल्यात खंदकाकडे तोंड करून बसलेले सापडायचे. गिरणीला कुलूप लावून मी आणायला जायची. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, "तुला काय कळतं त्यातलं." भिंतीवरची आमटी वाळायच्या आत पुसायची असते, एवढं मला कळत होतं. त्यातलंच होतं ते.

मग एक दिग्दर्शक आला. आपल्याच भागातला, बिलोलीकडचा पोरगा, पुण्याला सिनेमा शिकलेला. दाढी, खांद्याला झोळी, आणि ह्यांच्या पायाशी बसायची भारी हौस. सरांच्या आयुष्यावर प्रेमाचा सिनेमा काढायचाय म्हणाला. हे त्या दिवसापासून आरशात बघायला लागले.

एका दुपारी तो गिरणीत येऊन पोत्यावर टेकला आणि म्हणाला, "काकू, तुमचं कसं जमलं?" आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी मोटार बंद केली आणि सांगितलं.

मी कॉलेजात होते. कंधारहून एसटीनं नांदेडला निघाले होते. पलीकडच्या बाकावर केस वाढलेला एक माणूस होता. कंडक्टरनं तिकीट विचारलं तर त्यानं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले आणि हसला. ओशाळणं नाही, गयावया नाही. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालतोय तोवर मी म्हटलं, "राहू द्या, मी काढते त्यांचं." का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या हसण्यामुळंच असणार. मग ते पत्ता शोधत आमच्या घरी आले, जेवले, पुढच्या आठवड्यात पुन्हा जेवायला आले, आणि वडिलांनी चौकशी करून लग्न लावून टाकलं. अख्ख्या संसारात चारचौघांना दाखवावी अशी माझ्याकडे ही एकच गोष्ट. ती मी त्या पोराला देऊन टाकली.

"काकू, हे तर सोनं आहे," तो म्हणाला. आणि त्याच दमात त्यानं सांगितलं की सिनेमात मध्यंतराला बायको मरते.

"म्हणजे मी?"

"तुम्ही नाही काकू, ती. कथेची गरज आहे. प्रेम सुखरूप राहिलं तर लोक उठून जातात."

मी आत जाऊन ह्यांना विचारलं. ते बादलीत पाय घालून बसले होते. म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

सिनेमा तयार झाला. नटी गोरी, नाजूक, सदा पांढऱ्या साडीत, गोदावरीच्या घाटावर बसलेली. गिरणी नावालाही नाही. आवाजात संवाद ऐकू येणार नाहीत म्हणे. ती हातरुमाल तोंडाशी धरून हळू खोकते आणि मरते. मीही खोकते. मिरचीचा हंगाम असला की पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं, पण त्या खोकल्यानं कुणी मरत नाही आणि त्या खोकल्यावर कुणाचं प्रेमही बसत नाही. ताटं सिनेमातही भिंतीवर जातात, मागं सतार वाजते, आणि पुढच्या प्रसंगात भिंत आपोआप स्वच्छ असते. बाई मेल्यावर लेखक पुन्हा कधी लिहीत नाही. कोरा कागद, उघडी खिडकी, आणि संपला सिनेमा.

बसचा प्रसंग मात्र जसाच्या तसा होता. उलटे खिसे, ते हसणं, आणि त्या नटीच्या तोंडी माझं वाक्य. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

नांदेडात तो दुपारच्या खेळाला लागला. आम्ही, दिग्दर्शकाचे आईवडील, आणि मागच्या रांगेत अंधार शोधत आलेली दोन-तीन जोडपी. आठवडाभरही टिकला नाही. माझ्यासोबत शेजारच्या भाभी आल्या होत्या. बाहेर पडताना त्यांनी माझा दंड दाबला. "रडायचं न्हाई. जित्या माणसाला मेलं म्हणलं की उमर वाढती. तुमची लई वाढली बघा." त्या समजूत घालत होत्या. मला ती शिक्षाच वाटली.

त्या सिनेमातली एक वस्तू आमच्या घरी आली. बायको मेल्यावर भिंतीवर लागतो तो फोटो. त्या नटीचा, मोठ्या फ्रेममध्ये, चंदनाच्या हारासकट. शूटिंग आवरताना ह्यांनी तो मागून घेतला आणि आपल्या टेबलाच्या वर लावला. "आठवण म्हणून," म्हणाले. तिची धूळ मीच पुसायची. माझा एकही फोटो त्या खोलीत नव्हता, आजही नाही.

नंतर नंतर मला उमगलं की हे त्या फोटोला धरून बसलेत. कादंबरीनंतर पुढं काय, हा प्रश्न ह्यांना गावातलं कुत्रंसुद्धा विचारत होतं. आता उत्तर मिळालं होतं. बायको गेली म्हणून लिहिणं थांबलं, ह्याला समाजात मान आहे. बायको गिरणीत धडधाकट असून लिहिणं थांबलं, ह्याला आळस म्हणतात. माझ्या मरणावर ह्या माणसाचं म्हातारपण झकास चाललं होतं.

सिनेमा लोक विसरले. मग अलीकडे तो कुणीतरी मोबाईलवर टाकला, आणि चार पोरापोरींना तो आवडला. त्यातल्याच काहींनी लातुरात एका रविवारी तो दाखवायचं ठरवलं, शिकवणीच्या क्लासचा हॉल घेऊन. सरांना बोलवणं आलं. हे मला म्हणाले, "तू कशाला दगदग करतेस." पण पैशाला हात लावायचा नाही म्हटल्यावर एकट्यानं जाणार कसे? तेव्हा पर्स घेऊन मी निघाले. खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. कुणीतरी विचारेल, बसमधली ती कोण, आणि हे बोट दाखवून म्हणतील, ही. एवढ्यासाठी मी चांगली साडी नेसले होते.

दारातच एका पोरानं विचारलं, "सर, या कोण?"

"आमच्याकडच्या आहेत. माझं सगळं बघतात," हे म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता, "तू मागं बस."

मी शेवटच्या बाकावर बसले. बाकावर कुणा पोरानं करकटकानं 'डॉक्टर व्हायचं' असं कोरून ठेवलं होतं. सिनेमा सुरू झाला, मी पुन्हा एकदा मेले. दिवे लागले तेव्हा हॉलमध्ये बऱ्याच जणांचे डोळे ओले होते. पुढच्या रांगेतून एक तरुण मुलगी उठली. अहमदपूरला शाळेत शिकवते म्हणाली.

"सर, त्या गेल्यानंतर तुम्ही खरंच एक ओळही लिहिली नाही?"

ह्यांनी मान वर केली. पुढच्या रांगेवरून त्यांची नजर थेट शेवटच्या बाकावर आली. आमची नजरानजर झाली, ह्यात शंका नाही. मी थोडी सावरूनही बसले, न जाणो उठून उभं राहावं लागलं तर.

"नाही," हे म्हणाले. "ती गेली आणि शब्दही गेले."

टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारच्या बाईनं डोळ्याला पदर लावत माझा हात धरला. मीही टाळ्या वाजवल्या. नाहीतर बाई चुकचुकली असती.

परतीच्या बसमध्ये ती अहमदपूरची मुलगी निघाली. हे लगेच तिच्या शेजारी जाऊन बसले. मी त्यांच्या मागच्या बाकावर. मधे फक्त बाकाची पाठ होती; ह्यांच्या मानेवरचा न कापलेला केस न् केस मला दिसत होता. तिला ते कंधारच्या किल्ल्याचं सांगत होते. तिथं बसलं की आतली वाट दिसते, वगैरे. तिथून मी हाताला धरून आणायची ते त्या वाटेवर नव्हतं.

कंडक्टर मशीन घेऊन आला. मी म्हटलं, "नांदेड, एक लेडीज." एकच का म्हटलं, तर आधी मला बघायचं होतं. दुसरं तिकीट कुणाचं, हे ह्या माणसाच्या तोंडून मला एकदा ऐकायचं होतं. बाकी काही नको होतं.

कंडक्टर ह्यांच्याकडे वळला. ह्यांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले आणि हसले.

"बाबा, असं कसं चालंल? कुणी हाय का सोबत?"

मागं मान वळवायची होती, बस. एक शब्द पुरला असता. बायको म्हणायची लाज वाटत असेल तर नुसतं 'ह्या' म्हणाले असते तरी मी पर्स उघडली असती.

"नाही," हे म्हणाले. "एकटाच आहे मी."

ती मुलगी पुढं झाली. तिचा चेहरा उजळला होता. "राहू द्या, मी काढते त्यांचं." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "सर, अगदी सिनेमातल्यासारखं झालं." आणि हे तिच्याकडे बघून हसले. कंधारच्या बसमध्ये हसले होते तसंच, कणभर इकडं तिकडं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते हसणं माझ्यासाठी होतं. ते तिकिटासाठी होतं. मला रडू आलं नाही. माझा तिथंच बसल्या जागी कोळसा झाला.

अहमदपूरला ती उतरली. वाकून ह्यांच्या पाया पडली. हॉलच्या दारात ह्यांनी दिलेली माझी ओळख तिनं ऐकली असणार; मला म्हणाली, "मावशी, सरांना नीट घेऊन जा हं." बस हलली, आणि ह्यांनी मागं वळून विचारलं, "पाणी आहे का गं?"

मी बाटली दिली. तहानलेल्याला पाणी नाकारायचं वळण आमच्या घरात नाही. लोह्यापर्यंत ह्यांना झोप लागली, तोंड उघडं टाकून.

दुसऱ्या दिवशी हे उठायच्या आत मी ती फ्रेम खाली उतरवली. मागचे बारीक खिळे पकडीनं उपटले आणि नटीला बाहेर काढलं. ह्यांच्या पुस्तकासाठी काढलेला मोठा फोटो पेटीत होता, तो कापून आत बसवला. काच पुसली. हार तोच ठेवला. चंदनाला काय, कुणाच्याही गळ्यात शोभतं. फ्रेम मी गिरणीत लावली, मोटारीच्या बटणाच्या वर, गिऱ्हाइकाला दारातूनच दिसेल अशी. खाली उदबत्तीचं घरही ठोकलं.

हे चहाला आले आणि उंबऱ्यातच थबकले. बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले. कपाळावर मी गंधही लावलं होतं.

"हा काय प्रकार आहे?"

"कथेची गरज आहे," मी म्हटलं.

ते ओरडतील असं मला वाटलं. ताट फेकतील, निदान बादली लाथाडतील. काही केलं नाही. काढ म्हणायचं तर का काढ, ते सांगावं लागलं असतं. आत गेले आणि रिकाम्या खिळ्याखाली जाऊन बसले.

भाभी येऊन बघून गेल्या. "लई वंगाळ केलंत," म्हणाल्या, आणि जाताना तोंडाला पदर लावून हसल्या.

त्याच दुपारी खेड्यावरची एक म्हातारी मिरचीचं गठुडं घेऊन आली. दरवर्षी येते. गठुडं खाली ठेवलं, फोटोकडं बघितलं, पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले.

"अगं माय. कवा गेलं गं मालक?"

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. आत बादलीतलं पाणी हललेलं मला ऐकू आलं. मी मिरच्या तागडीत ओतल्या.

"लातूरहून येताना, मावशी. बसमध्ये."

"लई तरास झाला का?"

"त्यांना नाही झाला."

म्हातारी चुकचुकत पायरीवर बसली. आतून ह्यांची हाक आली, चहा टाकलास का गं. म्हातारीनं दचकून माझ्याकडं बघितलं. मी बटण दाबलं, आणि डंका सुरू झाला.