कान झाकलेले फोटो

सरकारी खात्यात मी अठ्ठावीस वर्षं अर्जांवरचे फोटो तपासले. कुणी दहा वर्षांपूर्वीचा फोटो लावायचं, कुणी चक्क भावाचा, आणि ते पकडणं हे माझं काम. केस, मिशी, हसू यांवर विसंबून चालत नाही, कान बघावेत, हे मी तिथेच शिकले. अमरावतीहून लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा आम्ही मुनिरक्यात एका खोलीत राहायचो. नंतर गुडगावात फ्लॅट घेतला. तिथे तेव्हा रोज एखादी काचेची इमारत उभी राहत होती. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि अशाच एका इमारतीतल्या खासगी कंपनीत रिसेप्शनवर लागले.

तीन वर्षांनी तिथे नवा मॅनेजर आला, माझ्या मुलाच्या वयाचा. महिन्याभरात त्याने मला आत टपालाच्या टेबलावर बसवलं आणि माझ्या जागी एक तरुण मुलगी आणली. कारण विचारलं तर म्हणाला, फ्रंट जरा फ्रेश दिसायला हवा. मी त्रेपन्न वर्षांची होते. आणखी काय विचारणार?

त्यानंतर मला लिफ्टमधला आरसा सोडेना. जबड्याशी सैल झालेली कातडी आणि मानेवरच्या दोन दोऱ्या रोज नव्याने दिसायच्या. नवरा म्हणाला, छान दिसतेस. पण तेव्हा त्याने चष्मा लावलेला नव्हता, म्हणून तेही मला खरं वाटेना.

एका रविवारी वर्तमानपत्रातून गुळगुळीत कागदाचं पत्रक पडलं. मॉलमधल्या एका क्लिनिकचं होतं, फेसलिफ्टचं, म्हणजे चेहऱ्याची सैल कातडी ओढून शिवण्याचं. घरी न सांगता मी गेले. तिथे आधी एका मुलीने मला आरशासमोर बसवलं आणि दोन्ही कानांपाशी बोटं ठेवून गाल हलकेच मागे ओढले. “बस इतना ही, मॅम,” ती म्हणाली. आरशातली बाई खरंच चांगली दिसत होती. मुलीने बोटं काढली तेव्हा मला वाईट वाटलं, हे कबूल करते.

मग तिने अल्बम दिला. आधीच्या फोटोंत बायका मान खाली घालून, पिवळ्या उजेडात बसलेल्या. नंतरच्या फोटोंत लिपस्टिक, वर केलेली हनुवटी, आणि प्रत्येकीने केस कानांवरून पुढे घेतलेले. मी पानं उलटत गेले. एकीचा तेवढा कान दिसत होता. आधीच्या फोटोत तिच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली होती, नंतरच्या फोटोत सुटी लोंबत होती. मला तरी त्या दोन वेगळ्या बायका वाटल्या.

डॉक्टर आत आले तेव्हा मी विचारलं, टाके कुठे येतात? कानापाशी, दिसतही नाहीत, ते म्हणाले. मग कान दिसणारा एखादा फोटो दाखवा, म्हटलं. ते हसले आणि याच महिन्यात करून घ्या, सवलत आहे, असं सांगू लागले. मी कोणती औषधं घेते, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. मी उठले.

पण आरशातली ती बाई डोक्यातून जाईना. म्हणून दिल्लीतल्या एका सरकारी हॉस्पिटलात प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत नंबर लावला. रांगेत बहुतेक भाजलेले पेशंट. त्यांच्यात बसायची मला लाज वाटली. डॉक्टर माझ्याच वयाच्या बाई होत्या. त्यांनी आधी रक्तदाब मोजला, गोळ्या विचारल्या. त्यातली एक रक्त पातळ करणारी होती. दाब एवढा वाढलेला आणि ही गोळी चालू, अशात केलं तर कातडीखाली रक्त साचू शकतं, त्या म्हणाल्या. सूज काही आठवडे राहते, कानाभोवती बधिरपणा येतो, क्वचित चेहऱ्याच्या नसेला इजा होते, आणि काही वर्षांनी कातडी पुन्हा सैल पडतेच, हेही सांगितलं. मग विचारलं, हे डोक्यात कुठून आलं? मी मॅनेजरचं सांगितलं.

“मैं कर सकती हूँ,” त्या म्हणाल्या. “पर नौकरी का वादा नहीं कर सकती. तीन महीने बाद आइए.”

मला त्यांचाही संशय आला. माणसाला टेबलावरून परत कसं पाठवतात, हे मी स्वतः अठ्ठावीस वर्षं केलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि विचारलं, माझा चेहरा नको होता का? तो गडबडला. उठून दार लावलं. मग म्हणाला, भेटायला येणाऱ्यांच्या तक्रारी होत्या. मी प्रत्येकाचं ओळखपत्र हातात घेऊन चेहऱ्याशी ताडत बसायचे. एका मोठ्या ग्राहकाला तर मी दहा मिनिटं उभं ठेवलं होतं.

“आपको बुरा लगता, इसलिए वैसा बोल दिया,” तो म्हणाला.

तो खरं बोलत होता की नाही, मला आजही ठरवता येत नाही. त्या ग्राहकाचा फोटो जुळत नव्हता, एवढं मात्र मला नक्की आठवतं.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. क्लिनिकला एकटी का गेलीस, एवढंच त्याने विचारलं.

तीन महिन्यांनी आम्ही दोघं डॉक्टरबाईंकडे गेलो. दाब उतरला होता आणि रक्त पातळ करणारी गोळीही काही दिवस थांबवता येणार होती. आता हरकत नाही, त्या म्हणाल्या. मी नको म्हटलं. मानेवरच्या दोऱ्या मला तेव्हाही आवडत नव्हत्या, आजही आवडत नाहीत. पण त्यांच्यासाठी चेहरा बधिर करून घ्यायची माझी तयारी नव्हती. त्यांनी कारण विचारलं नाही. दाबाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.