काकाजींचा भोंगा

घराबाहेर पडणारा प्रत्येक माणूस आमच्याच जीपखाली यायला निघालेला असतो, अशी माझ्या काकसासऱ्यांची पक्की समजूत होती. मोटारीत बसून इतका घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुठल्याशा निवडणुकीनंतर विकायला निघालेला भोंगा त्यांनी आणला, जीपच्या पुढे बांधला आणि माझ्या शेजारी माईक घेऊन बसू लागले. जीप मी चालवायचो, पण मोहगाव ते सौंसर एकही जीव त्यांच्या काळजीतून सुटायचा नाही. "सायकलवाले भाऊ, धोतर चैनीत जाऊन राहिलं." "बंडीवाले, बैल लंगडून राहिला, पायाले पाहा त्याच्या." कुणाला तब्येत विचारायचे आणि इंजिनाच्या आवाजात उत्तर ऐकू आलं नाही म्हणून मला जीप मागे घ्यायला लावायचे. जामसांवलीच्या देवळापाशी तेवढा माईक बंद. देवाला ओरडून सांगायचं नसतं म्हणे. मी वैतागायचो. लोकांना मात्र त्यांचा भारी लळा. भोंगा ऐकला की हातातलं काम टाकून रस्त्यावर यायचे.

हाच लळा एका बाजाराच्या दिवशी आमच्या अंगाशी आला. माझी बायको, म्हणजे काकाजींची पुतणी, अडली होती. सकाळपासून कळा, आणि दुपारी दायीने हात टेकले. "सौंसरले न्या, लवकर," एवढंच म्हणाली. मागच्या सीटवर बायको तिच्या आईचा हात धरून कण्हत होती. बाजारात शिरलो तसे काकाजी माईकमध्ये बोलू लागले, "बाजूले व्हा बापा, आमची पोरगी अडली आहे." लोक बाजूला कसले होतात. काकाजी काही सांगून राहिले म्हणताना टोपल्या खाली ठेवून जवळच आले. "कोणती पोरगी, काकाजी? मोठी का लहानी?" ते जितकं कळवळून सांगत, तितका घोळका वाढे. आणि मागचं कण्हणं थांबलं.

काकाजींनी माईक टाकला, खाली उतरले, टोपी काढली आणि एक शब्द न बोलता हात जोडून जीपच्या पुढे चालू लागले. त्यांना गप्प पाहून लोक चरकले. संत्र्यांचे ढीग भराभर ओढून त्यांनी वाट करून दिली.

दवाखान्यात बऱ्याच वेळाने नर्सबाई बाहेर आल्या. काकाजींनी काहीतरी विचारलं, पण आवाज इतका बारीक, की बाईंना वाकून पुन्हा ऐकावं लागलं. "बाई, आमची पोरगी हाय ना?"

"दोघी आहेत," बाई म्हणाल्या.

काकाजी भिंतीला टेकून रडले. आता ते नाहीत. भोंग्यामागचा त्यांचा तो बारीक आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला; एरवी इतकी वर्षं शेजारी बसून नुसतं हो-हो करत आलो होतो, याचं अजून वाईट वाटतं.