कोतवाल बुकातली आई

मलकापूरला गाडीतून उतरताच आईची भाषा बदलली. चाळीस वर्षं पुण्यात राहिलेली ती रिक्षावाल्याला म्हणाली, "येष्टी स्टँडले जायचं हाये, किती घेशील?" मला हसू आलं, पण तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

आम्ही तिची जन्मतारीख शोधायला निघालो होतो. शाळेत गुरुजींनी घातलेली एक जूनच ती आयुष्यभर लिहीत आली. शिवाय एक जुना वाद होता. ती आणि तिचा चुलतभाऊ वासुमामा एकाच पावसाळ्यात, एकाच घरात जन्मले. मामा स्वतःला मोठा म्हणवतो आणि दर भाऊबीजेला आईकडून पाया पडून घेतो.

चुकीच्या एसटीत बसून तासभर घालवल्यावर आम्ही तालुक्याच्या कचेरीत पोहोचलो. कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) पाहायला कुणाची ओळख लागत असेल, असं मला वाटत होतं. पण साधा अर्ज, त्यावर कोर्ट फीचं तिकीट आणि नकलेचं शुल्क, एवढंच पुरलं. वर्ष नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून आईने तीन वर्षांच्या शोधाचे पैसे भरले आणि पावती घडी करून पोलक्यात ठेवली.

दुपारी अभिलेख कक्षातल्या बाईंनी पिवळी पडलेली वही उघडली. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं; ओळीच्या शेवटी खबर देणाऱ्याचा अंगठा होता.

"आजी, तुमचं नाव नाही याच्यात. नुसतं 'मुलगी' लिहेल हाये."

आई वहीवर वाकली. मग म्हणाली, "बापाचं नाव बरोबर हाये ना? मंग मीच ते."

तारीख श्रावणातली होती. त्याच पानावर, आठ दिवसांनंतर मामाची नोंद होती. आईने लगेच दुसरा अर्ज मागितला. "त्याचीबी नक्कल काढा," ती म्हणाली.

परतताना मामाच्या गावी, वडनेर भोलजीला उतरलो. मामीने कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा वाढला. मामाने चष्मा लावून दोन्ही कागद दोनदा वाचले. मग उठला आणि सगळ्यांदेखत आईच्या पायाशी वाकला. आईने त्याला वरच्यावर धरलं. दोघंही हसता हसता रडू लागली.

रात्रीच्या गाडीत मी म्हटलं, नाव लिहिलंच गेलं नाही याचं वाईट वाटलं असेल. आई म्हणाली, मुलगी झाल्याचं सांगायला तिचा बाप स्वतः चार कोसांवरच्या कोतवालाकडे चालत गेला होता, हे तिला आज वहीतल्या त्याच्या अंगठ्यावरून कळलं. सत्तर वर्षं तो अंगठा तिथेच होता. बघायला मिळेल का, एवढं आम्ही कधी विचारलंच नव्हतं.