मागच्या जागेवरचा मामा

मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात. आमच्या गल्लीतल्या विमानकाकांनी मेलेली माणसं शोधायला घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात किनाऱ्यावर नौदलाचा विमानतळ होता. तिथून सरावाला उडालेली विमानं धुक्यात मागच्या डोंगरांवर आदळायची. अशी चौदा विमानं आणि एकतीस माणसं काकांनी अकरा वर्षांत हुडकली होती. दफनाच्या वह्या, जुनी वर्तमानपत्रं, नौदलाच्या अपघातनोंदींच्या प्रती असं सगळं पुढच्या खोलीत फायलींत लावलेलं. सोफ्यावर बसायचं तर आधी दोन वैमानिक उचलून ठेवावे लागतात, असं काकू म्हणायच्या.

पाहुण्यांवर मात्र काकांचा काडीचा विश्वास नव्हता. दोन वर्षांपूर्वी एक गोडबोल्या गृहस्थ आला, चार दिवस पाहुणचार घेतला आणि एका अपघाताची जागा पाहून गेला. पंधरा दिवसांत ती जागा कुणीतरी उकरून साफ केली. इंजिनावरची क्रमांकाची पट्टी गेली, विमानातल्या एका पोराचा बूट होता तोही गेला. काकांना आठवडाभर जेवण गेलं नाही.

म्हणून साठीचा एक माणूस दारात येऊन म्हणाला, "तुमच्या यादीतल्या सातव्या विमानातले होते ना, त्यातल्या एकाचा मी भाचा," तेव्हा काकांनी त्याला आत घेतलं, पण फाईल पाठीमागे सरकवली.

"मामा कुठल्या जागेवर बसायचे?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पुढे. विमान तोच चालवायचा."

काकांच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं मामाचं जे नाव सांगितलं, ते नोंदीत तारायंत्र चालवणाऱ्याचं होतं. त्याची जागा सगळ्यात मागे, शेपटीकडे तोंड करून.

काकू स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "अहो, बिचारा लांबून आलाय."

"बिचारे सगळे लांबूनच येतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका त्याला डोंगरावर घेऊन गेले आणि दगडफोड्यांची एक जुनी खाण दाखवून म्हणाले, "हीच ती जागा." खरी जागा तिथून अर्ध्या तासावर, ओढ्यापलीकडे होती. माणूस खाणीच्या काठावर बराच वेळ उभा राहिला. खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, फोटो काढले. काका त्याच्या हातांकडे बघत होते. त्यानं एक खडासुद्धा उचलला नाही. तेवढ्यानंही काकांची खात्री पटली नाही. सराईत चोर पहिल्या खेपेला काही उचलत नाही.

तीन आठवड्यांनी त्या माणसाकडून पाकीट आलं. आत एका पत्राची प्रत आणि एका एकोणीस वर्षांच्या मुलाचा फोटो. पत्र धाकट्या बहिणीला लिहिलेलं: 'आता विमान मीच चालवतो. आईला सांगू नकोस, घाबरेल.' काकांनी भिंग काढलं. मुलाच्या बाहीवर तारायंत्रवाल्यांचं चिन्ह होतं. त्यांच्याकडच्या तुकडीच्या फोटोत हाच चेहरा कडेला उभा होता.

थाप भाच्याची नव्हतीच. मामानंच दहा वर्षांच्या बहिणीपुढे फुशारकी मारली होती आणि घरानं ती ऐंशी वर्षं जपली होती.

काकांनी दुपारी फोन लावला. "मी तुम्हाला दाखवली ती जागा खोटी होती," ते म्हणाले. "ती खाण आहे."

"मी काढलेला तिथला फोटो आईनं पलंगासमोर लावलाय," भाचा म्हणाला. "का केलंत असं?"

काकांनी चोरीला गेलेल्या बुटाचं सांगितलं.

"मग आता दाखवाल ती तरी खरी कशावरून?"

आयुष्यभर लोकांच्या बांधांचे वाद मिटवलेला माणूस, त्यांचा शब्द कुणी असा नाकारला नव्हता. अखेर त्यांनी कधीच न केलेली गोष्ट केली. पूर्ण फाईल, मोजमापांसकट, त्याला पाठवून दिली.

भाचा पुन्हा आला तो स्वतःची टेप घेऊन. ओढ्यापलीकडे त्यानं फाईल उघडली आणि एकेक अंतर स्वतः मोजलं. काका टेपचं दुसरं टोक धरून गुमान उभे. तिसरं माप जुळल्यावर काकांनी गवत बाजूला केलं. रिव्हेटांची रांग असलेला पत्र्याचा तुकडा मातीतून वर आला होता. भाच्यानं तो नखानं खरवडून पाहिला आणि तिथेच बसला.

"फाईल वाचली मी," तो म्हणाला. "मामा मागे बसायचा."

"हो."

"आईला मात्र तुम्ही काही बोलायचं नाही. तिचा फोन येईल."

"विचारलं तर?"

"तुम्हाला खोटं बोलता येतं, हे मला ठाऊक आहे."

फोन पुढच्या आठवड्यात आला. नव्वदीच्या बाईंचा आवाज खणखणीत होता. तिथून समुद्र दिसतो का, तेवढंच त्यांनी विचारलं. काका म्हणाले, धुकं नसेल तर दिसतो. आणि ते खरं होतं.