किल्लारीतील इशाऱ्याची चाचणी

एका यंत्रातून निघालेला निरोप, वाटेतला दुवा तुटला तरी, दुसऱ्या वाटेने इष्ट स्थळी कसा पोहोचावा, या एकाच प्रश्नाच्या उपासनेत डॉ. लुंबिनी सोनकांबळे यांचे तारुण्य गेले. मुखेडच्या एसटी वाहकाच्या या कन्येने नांदेडला अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, बंगळूरला संशोधन केले. इंटरनेटचे नियम घडवणाऱ्या देशोदेशींच्या विद्वानांत त्यांचा शब्द आदराने ऐकला जाऊ लागला, तेव्हा त्या अध्यापनासाठी नांदेडलाच परतल्या. पुढे त्यांना उमगले की निरोप तारांपेक्षा धोरणांपाशी अधिक अडतो. भ्रमणध्वनीचे मनोरे कुठे उभे राहावेत, संदेश कोणत्या भाषेत असावा, सेवा बंद करण्याचा अधिकार कुणाचा, हे जिथे ठरते त्या बैठकांत त्या बसू लागल्या. त्यांच्या शेजारी राहणारा मी, निवृत्त संस्कृत शिक्षक. विद्येला विनयाची शोभा असते हे मी त्यांच्या घरी अनेकदा पाहिले आहे. गेल्या वर्षी तिथेच भय पाहिले.

आपत्तीचा इशारा एका क्षणी सर्वांच्या भ्रमणध्वनीवर कर्कश भोंग्यासह वाजवायचा, अशी योजना होती. त्यासाठी कुणाचा क्रमांक लागत नाही. मनोऱ्याच्या परिसरातला प्रत्येक फोन, आवाज बंद ठेवलेला असला तरी, वाजतो. लातूर जिल्ह्यातल्या चाचणीच्या गावांत किल्लारी होते. योजनेसाठी नेमलेल्या समितीत लुंबिनीबाई होत्या; तिथल्या एका सदस्याने सुचवले, "किल्लारी वगळू या. त्या लोकांनी भोगलंय ते पुरे."

लुंबिनीबाईंनीच विरोध केला. जिथे सर्वाधिक भोगले तेच गाव न तपासता सोडायचे, ही करुणा नव्हे, असे त्या म्हणाल्या. किल्लारी यादीत राहिले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या जिवाचे स्वास्थ्य हरपले. कारण त्यांची सख्खी मावशी पंचफुलाबाई त्याच गावात राहते. त्र्याण्णवच्या भूकंपात तिची दोन्ही मुले दगडमातीखाली गेली. पुनर्वसनात सिमेंटचे घर मिळाले, पण ती अद्याप अंगणातल्या पत्र्याखाली निजते आणि दाराला कडी घालत नाही. रस्त्याने जड वाहन गेले तरी तिचा श्वास अडकतो.

चाचणीच्या आधी गावकऱ्यांना समजावण्यासाठी त्या किल्लारीला निघाल्या. मला सोबत नेले. संपूर्ण प्रवासात त्या एवढेच म्हणाल्या, "सर, भोंग्यानं मावशीला काही झालं, तर माझ्या शास्त्राचं मी काय करू?"

ग्रामपंचायतीपुढच्या लिंबाखाली लोक जमले होते. बागायतदार आप्पासाहेब पुढे बसले होते.

"म्याडम, ह्या भोंग्यानं भूकंप आधी कळतो का?"

"नाही, आप्पासाहेब. भूकंप आधी कुणालाच सांगता येत नाही."

"घ्या! मंग आमाला कशापाई भ्या दाखवताय? तुमी तिकडं लातुरात बटन दाबनार अन् आमी हिकडं धोतर सावरत पळायचं!"

हशा पिकला. त्या हसल्या नाहीत.

"वीज, पूर, धरणाचं पाणी यांचा इशारा देता येतो. आणि भूकंप झाल्यावर कुठं जायचं, कोणती अफवा खोटी, हेही सांगता येतं. त्र्याण्णव साली तुम्हाला कुणी काही सांगितलं होतं का?"

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "कोन सांगनार, बाई? जो तो वरडत होता. कुनी म्हनलं, अजून एक मोठा येनार हाय. आमी आठ दिस शिवारात बसलो."

"एकदाच वाजेल," लुंबिनीबाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा तुम्हाला हा त्रास देणार नाही. शब्द देते."

पंचफुलाबाई खांबाला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "लावा तुमचा भोंगा. पर लुंबे, तू तवा माझ्यापशी बसायचं. लातुरात न्हाई."

वस्तुतः त्यांची नेमणूक लातूरच्या नियंत्रणकक्षात होती. त्यांनी ती दुसऱ्याकडे सोपवली.

चाचणीच्या दिवशी आम्ही पुन्हा त्या अंगणात होतो. आरोग्यसेविकेला शेजारी बसवून ठेवले होते. मावशीने बाजेवर बसून भाचीचा हात घट्ट धरला होता. दुसऱ्या हातात तिचा बटणांचा छोटा फोन होता.

"चहा ठेवू का गं?"

"नको मावशी, बस तू."

"तुझाच हात गार पडलाय. भ्या मला का तुला?"

आणि तो स्वर उठला. माझ्या खिशातून, लुंबिनीबाईंच्या पिशवीतून, शेजारच्या ओट्यावरून, हमरस्त्यावरच्या टपरीतून, एकाच क्षणी, एकाच कर्कशतेने. घराघरांतून माणसे बाहेर आली. पंचफुलाबाईने डोळे मिटले आणि कण्हत पाय वर ओढून घेतले. लुंबिनीबाई तिला कवटाळून "चाचणी आहे, मावशी, चाचणी आहे" असे पुटपुटत राहिल्या. भोंगा थांबला. मावशीने डोळे उघडले आणि हातातल्या फोनकडे पाहिले.

"माझा कवा वाजनार?"

लुंबिनीबाईंनी तो फोन हाती घेतला. पडदा कोरा होता. चार्जिंग पुष्कळ दिवस टिकते म्हणून गेल्या दिवाळीला तो त्यांनीच आणून दिला होता. साध्या फोनांवरही इशारा उमटेल, अशी ग्वाही समितीला मिळाली होती, आणि तिच्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता.

बाहेर आप्पासाहेब आपला मोठा फोन नाचवत येत होते. "माझा तर असा बोंबलला की म्हैस दावं तोडून गेली! मावशी, तुमचा भोंगा उधार राहिला जनू!"

"बरंच झालं की," मावशी म्हणाली. मग तिने भाचीच्या तोंडाकडे पाहिले. "का गं? खरंखुरं काही आलं असतं तर?"

"तुला कळलं नसतं."

इतक्यात लातूरहून अधिकाऱ्यांचा फोन आला. त्यांचा उल्हास मलाही ऐकू येत होता: "अभिनंदन, म्याडम! कुठंही गोंधळ नाही. चाचणी यशस्वी!"

"यशस्वी म्हणू नका," लुंबिनीबाई म्हणाल्या. "बटणांचे फोन मुके राहिले आहेत. ते सगळे म्हाताऱ्यांच्या हातात आहेत. दुरुस्ती करून इथंच पुन्हा चाचणी घ्यावी लागेल."

"पुन्हा? गावाला तुम्ही शब्द दिलाय ना?"

"दिलाय."

त्यांनी फोन ठेवला. पलीकडच्या अंगणांत वृद्ध माणसे आपापले मुके फोन घेऊन उभी होती. काहींच्या चेहऱ्यावर सुटल्याचे समाधान होते. लुंबिनीबाई आप्पासाहेबांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"माझा शब्द मोडावा लागतोय, आप्पासाहेब. आणखी एकदा वाजवावं लागेल."

आप्पासाहेबांचे हसू मावळले. "लोक ऐकतील का न्हाई, सांगता येत न्हाई, म्याडम. एकदाच म्हनला होतात."

पंचफुलाबाई बाजेवरून उठली. तिने पदर खोचला. "चल. शेजारच्या रत्नम्माच्या घरापासून सुरू कर. ती लई शिव्या देईल. माझ्यामागं उभी राहा."

दोघी उन्हात बाहेर पडल्या. पहिल्याच दारात रत्नम्मांचा चढा आवाज मला ऐकू आला, आणि त्यावर लुंबिनीबाईंचा, अतिशय हळू, पुन्हा पहिल्यापासून समजावणारा.